उजळणीचा इतिहास आणि इतिहासाची उजळणी

"सर, धडा चार वेळा वाचला होता, पण पेपर हातात आल्यावर काहीच आठवेना." बारावीला इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाला हे वाक्य दरवर्षी कोणा ना कोणाकडून ऐकावे लागते. विद्यार्थी खोटे बोलत नसतो. त्याने धडा खरोखरच चार वेळा वाचलेला असतो. महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारलेल्या असतात, सनावळीला पिवळा रंग फासलेला असतो. तरीही "कारणे स्पष्ट करा" असा प्रश्न समोर आला की पेन अडते.

अशा वेळी आपण साधारणपणे तीनपैकी एक निदान करतो. मुलाची स्मरणशक्ती बेताची आहे, त्याने मन लावून वाचले नाही, किंवा इतिहास हा विषयच मुळी घोकंपट्टीचा आहे. ही तिन्ही निदाने बहुतेक वेळा चुकतात. दोष असतो तो उजळणीच्या पद्धतीत. पुन्हा पुन्हा वाचणे म्हणजे उजळणी, ही आपली समजूतच कच्ची आहे. याविषयीचे प्रयोग शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहेत आणि त्यांचे निष्कर्ष बऱ्याच अंशी एकाच दिशेला बोट दाखवतात. ते वर्गापर्यंत फारसे पोचले नाहीत, ही मात्र खंत करण्यासारखी गोष्ट आहे. म्हणून आधी उजळणीचा इतिहास पाहू आणि मग इतिहासाच्या उजळणीकडे वळू.

पुस्तक नव्हते तेव्हा

छापील पुस्तके नव्हती तेव्हा उजळणीचा अर्थ एकच होता, तो म्हणजे मनातले बाहेर काढून म्हणून दाखवणे. वेदपठणाच्या परंपरेत पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे प्रकार रूढ झाले. क्रमपाठात पहिले पद आणि दुसरे, मग दुसरे आणि तिसरे, अशा जोड्या म्हणतात. जटापाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले आणि पुन्हा पहिले-दुसरे, असा उलटसुलट फेरा असतो. एकच मजकूर निरनिराळ्या क्रमाने आठवावा लागल्यामुळे चूक लपून राहत नाही. आपल्याकडे दिवेलागणीला मुलांकडून परवचा म्हणवून घेत. तीही याच जातीची उजळणी होती. पाढे म्हणताना मुलाच्या हातात काही नसे आणि अडखळला की ऐकणारे मोठे माणूस लगेच सुधारत असे.

या रीतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तीत अर्थाकडे दुर्लक्ष होऊ शके आणि पुष्कळदा होईही. पण तिच्यात दोन गोष्टी आपोआप घडत. एक म्हणजे आठवण्याचा प्रयत्न, आणि दुसरी म्हणजे चुकीची ताबडतोब दुरुस्ती.

पुढे छापील पाठ्यपुस्तक आले आणि लेखी परीक्षाही आली. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. पुढे न्यायमूर्ती झालेले महादेव गोविंद रानडे याच पहिल्या तुकडीतले. पुस्तक हाताशी आल्यावर ते पुन्हा उघडणे सोपे झाले आणि हळूहळू उजळणी म्हणजे फेरवाचन हे समीकरण रुजले. परीक्षेत मात्र पुस्तक मिटलेलेच राहिले. म्हणजे तयारी एका कृतीची आणि कसोटी दुसऱ्याच कृतीची, अशी फारकत झाली.

ही फारकत जाणत्यांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. इंग्रज तत्त्वचिंतक फ्रान्सिस बेकन याने १६२० च्या आपल्या 'नोव्हम ऑर्गॅनम' या ग्रंथात म्हटले होते, की एखादा उतारा वीस वेळा वाचण्यापेक्षा दहा वेळा वाचून मधूनमधून न पाहता म्हणण्याचा प्रयत्न करावा आणि अडेल तेथे पुस्तकात पाहावे, म्हणजे तो अधिक सहज पाठ होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानेही १८९० मध्ये असाच सल्ला दिला. पण ही अनुभवी माणसांची निरीक्षणे होती. त्यांना मोजमापाचा आधार अजून मिळायचा होता.

विस्मरणाचे पहिले मोजमाप

तो आधार देण्याची सुरुवात हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने केली. स्मरणासारखी मनातली गोष्ट मोजायची कशी, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. अर्थ असलेले शब्द घेतले तर काही शब्द आधीच ओळखीचे असणार. म्हणून त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले. त्यांच्या याद्या करून तो स्वतःच त्या पाठ करी, ठरावीक वेळ जाऊ देई आणि पुन्हा पाठ करी. दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला, हे त्याचे माप. त्याचा ग्रंथ १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याचे आकडे आजही विचार करायला लावतात. पाठ केल्यानंतर सुमारे वीस मिनिटांनी पुन्हा पाठ करताना ५८ टक्के श्रम वाचत. एका तासाने हे प्रमाण ४४ टक्क्यांवर येई, एका दिवसाने सुमारे ३४ टक्क्यांवर आणि ३१ दिवसांनी २१ टक्क्यांवर. म्हणजे विसरण्याचा वेग सुरुवातीला अतिशय जास्त असतो आणि नंतर तो मंदावतो. अर्थपूर्ण मजकूर एवढ्या झपाट्याने विसरला जात नाही हे खरे, पण सुरुवातीला तीव्र उतार आणि पुढे मंद उतार हे रूप तेथेही दिसते.

एबिंगहाउसची दुसरी नोंद शिक्षकांच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. एक यादी एकाच दिवशी ६८ वेळा घोकल्याने जेवढा फायदा होई, तेवढाच फायदा तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी होई. श्रम जवळजवळ निम्मे आणि फळ तेच! परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण किती महाग पडते, याचा हा पहिला लेखी हिशेब म्हणता येईल.

शाळेतले प्रयोग

एबिंगहाउसच्या प्रयोगात प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग व्हायचा तो माणूस एकच होता. शाळेतल्या मुलांवर पद्धतशीर प्रयोग केला तो आर्थर गेट्स याने, १९१७ मध्ये. त्याने मुलांना निरर्थक अक्षरसमूह दिले आणि व्यक्तींची छोटी चरित्रेही दिली. चरित्रे म्हणजे जन्म, गाव, शिक्षण, व्यवसाय अशी माहिती. आपल्या इतिहासाच्या टिपांशी तिचे जवळचे नाते आहे. एकूण वेळ सर्वांना सारखाच होता. फरक एवढाच, की काही मुलांनी तो सगळा वाचण्यात घालवायचा, तर काहींनी त्यातला निरनिराळा हिस्सा न पाहता म्हणण्यात घालवायचा. निष्कर्ष असा निघाला, की नुसते वाचणाऱ्यांपेक्षा म्हणून पाहणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले. चरित्रांच्या बाबतीत वेळेचा सुमारे ६० टक्के भाग आठवून म्हणण्यात घालवणे सर्वांत लाभदायक ठरले. आपले विद्यार्थी वेळेची विभागणी कशी करतात, याची या आकड्याशी तुलना करून पाहावी.

१९३९ मध्ये हर्बर्ट स्पिट्झर याने अमेरिकेतील आयोवा राज्यात याहून मोठा प्रयोग केला. ९१ प्राथमिक शाळांतील सहावीचे ३६०५ विद्यार्थी त्यात होते. त्यांना शेंगदाणे आणि बांबू यांविषयीचे माहितीपर लेख वाचायला दिले. नंतर त्यांचे गट पाडून काहींची लगेच, काहींची दुसऱ्या दिवशी, काहींची आठवड्यानंतर, तर काहींची थेट ६३ दिवसांनी पहिली चाचणी घेतली. ज्यांची वाचल्यावर लगेच चाचणी झाली होती, त्यांना कित्येक आठवड्यांनंतरही अधिक आठवत होते. ज्यांना उशिरा विचारले, त्यांच्या हातून बराचसा मजकूर आधीच निसटला होता. चाचणी हे शिकण्याचे साधन मानावे, असे स्पिट्झरने यावरून सुचवले.

इतका स्पष्ट निष्कर्ष मागे का पडला असावा? परीक्षा ही केवळ मोजपट्टी आहे, या समजुतीचा त्यात मोठा वाटा असावा. ताप मोजल्याने ताप उतरत नाही, तसेच स्मरण मोजल्याने स्मरणात फरक पडत नाही, असे आपण गृहीत धरतो. पण स्मरण हे तापासारखे नाही. ते मोजण्यासाठी वापरावे लागते, आणि वापरले की ते बदलते.

ओळखणे आणि आठवणे

हा मुद्दा आधुनिक काळात ठामपणे पुढे आणला तो हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या संशोधकांनी, २००६ मध्ये. अमेरिकेतील सेंट लुईस येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा वाचण्याची चार सत्रे केली. दुसऱ्याने तीन सत्रे वाचन केले आणि एकदा आठवून लिहिले. तिसऱ्याने एकच सत्र वाचन केले आणि नंतर तीनदा, उताऱ्याकडे न पाहता, आठवेल ते लिहून काढले.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार सत्रे वाचणाऱ्यांनी ८३ टक्के मजकूर सांगितला, तीनदा आठवणाऱ्यांनी ७१ टक्के. म्हणजे वाचणारे पुढे. पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत चित्र उलटले. वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, आठवणारे ६१ टक्क्यांवर टिकले आणि मधला गट ५६ टक्क्यांवर राहिला. याहून उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. आठवड्यानंतर आपल्या किती लक्षात राहील, असे आधी विचारले असता सर्वांत जास्त खात्री होती ती चार सत्रे वाचणाऱ्यांनाच!

लेखाच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्याचे कोडे येथे सुटते. धडा चौथ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते. या ओळखीलाच तो ज्ञान समजतो. पण ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा आपण ओळखतो, नाव मात्र जिभेवर येत नाही, तसेच हे आहे. लेखी परीक्षेत दीर्घोत्तरी प्रश्न चेहरा दाखवत नाही, तो नाव विचारतो.

रॉबर्ट व एलिझाबेथ बियॉर्क यांनी १९९२ मध्ये याचा उलगडा करण्यासाठी एक उपयुक्त भेद सुचवला. एखादी गोष्ट मनात किती खोल साठली आहे, हे एक. आणि ती या क्षणी किती सहज हाताला लागते, हे दुसरे. नुकतेच वाचलेले सहज हाताला लागते, म्हणून ते पक्के साठले आहे असा भास होतो. उलट, थोडे विस्मरण झाल्यावर कष्टाने आठवलेले खोल साठते. म्हणून आठवताना होणारी दमछाक हे अपयशाचे लक्षण समजू नये. शिकणे घडत असल्याची ती खूण आहे. विद्यार्थ्यांना ही एक गोष्ट जरी समजावून सांगितली, तरी पुष्कळ निराशा टळेल.

दोन उजळण्यांत किती अंतर ठेवावे, याचाही अभ्यास झाला आहे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १३५० हून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले, की परीक्षा जितकी दूर तितके हे अंतर जास्त हवे. परीक्षा आठवड्यावर असेल तर एक ते तीन दिवस, वर्षावर असेल तर साधारण तीन ते पाच आठवडे. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराअंतराने अभ्यास करणे या दोन पद्धती सर्वाधिक उपयुक्त ठरल्या. फेरवाचन आणि ओळींखाली रेघा मारणे यांची उपयुक्तता कमी ठरली.

हे सगळे प्रयोगशाळेतले, आमच्या वर्गात काय, अशी शंका कोणी घेईल. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या एका शाळेत सहावीच्या समाजशास्त्राच्या वर्गात रोडिगर, पूजा अगरवाल आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. धडे होते प्राचीन इजिप्त, मेसोपोटेमिया, भारत आणि चीन यांचे. धड्यातल्या काही बाबींवर छोट्या प्रश्नमंजूषा घेतल्या, काहींवर घेतल्या नाहीत. प्रश्न विचारलेल्या बाबी मुलांच्या अधिक लक्षात राहिल्या आणि तो फायदा सत्राच्या अखेरपर्यंत टिकला.

बार्टलेटचा इशारा

येथे थांबून एक धोका पाहिला पाहिजे. नुसते आठवत राहिले तर काय होते, हे केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची भुतांच्या लढाईची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि निरनिराळ्या अंतराने ती पुन्हा पुन्हा लिहायला सांगितली. कथा प्रत्येक खेपेस बदलत गेली. ती आखूड झाली, तिच्यातले अनोळखी तपशील गळाले आणि त्यांच्या जागी ओळखीचे तपशील आले. त्या लोकांच्या खास होडीची साधी बोट झाली आणि सीलच्या शिकारीची मासेमारी. लिहिणाऱ्याला मात्र आपण मूळ कथाच सांगत आहोत असे वाटे. आपण गोष्ट जशीच्या तशी साठवत नाही, मनातल्या साच्यात बसवून ती दर वेळी नव्याने रचतो, असा बार्टलेट यांचा निष्कर्ष होता.

इतिहासाच्या बाबतीत हा इशारा फार महत्त्वाचा आहे, कारण इतिहासाचे धडे कथारूपच असतात. गांधीजींनी चळवळ सुरू केली, हिंसा झाली, चळवळ थांबली, असा साचा मनात बसला की १९२२ च्या फेब्रुवारीतली चौरीचौऱ्याची घटना नकळत १९३० च्या सविनय कायदेभंगात जाऊन बसू शकते. मग विद्यार्थी आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर लिहितो आणि दर वेळी लिहिताना ती चूक पक्की करतो. बार्टलेट यांच्या वाचकांना मूळ कथा पुन्हा पाहायला मिळत नव्हती, हे ध्यानात घ्यावे. आपल्या विद्यार्थ्याच्या शेजारी पुस्तक असते. म्हणून आठवून झाल्यावर पडताळा घेणे हा उजळणीचा अनिवार्य भाग आहे. अडेल तेथे पुस्तकात पाहावे असे बेकन म्हणाला होता. बार्टलेट यांच्या प्रयोगानंतर त्यात भर घालावी लागते, की जेथे अडले नाही तेथेही पाहावे.

काय आठवायचे?

आठवणे फायद्याचे हे मान्य केले, तरी पुन्हा सनावळीचीच घोकंपट्टी होणार नाही कशावरून? याचे उत्तर सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून मिळते. त्यांनी आठ इतिहासकार आणि आठ हुशार शालेय विद्यार्थी यांना अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील लेक्सिंग्टनच्या चकमकीविषयीची साधने दिली. वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचे होते. गंमत अशी, की काही विद्यार्थ्यांना या विषयातली माहिती काही इतिहासकारांपेक्षा जास्त होती, कारण सगळेच इतिहासकार त्या कालखंडाचे अभ्यासक नव्हते. तरीही फरक स्पष्ट दिसला. इतिहासकार आधी पाहत, हे कोणी लिहिले, केव्हा आणि कशासाठी. एका साधनातले विधान ते दुसऱ्याशी ताडून पाहत. विद्यार्थी मात्र सगळी साधने माहितीचे साठे म्हणून वाचत. पाठ्यपुस्तकासारखा उतारा त्यांना सर्वांत विश्वसनीय वाटला.

म्हणजे विद्यार्थ्यांकडे माहिती कमी नव्हती, प्रश्न कमी होते. माहितीशिवाय प्रश्न विचारता येत नाहीत आणि प्रश्नाशिवाय माहितीला आकार येत नाही. तेव्हा उजळणीत जो प्रश्न आपण विचारू, त्याच प्रश्नाच्या आकाराने माहिती मनात बसेल. "दांडीयात्रा कधी निघाली?" एवढेच विचारले तर तारीख बसेल. "ती तेव्हाच का निघाली?" असे विचारले तर तारीख बसेलच, शिवाय तिच्या मागचे धागेही बसतील.

एका धड्याची उजळणी

आता हे सारे एका धड्यावर करून पाहू. सविनय कायदेभंगाची चळवळ घ्या.

पहिली पायरी कोऱ्या कागदाची. धडा शिकवून तीन-चार दिवस झाले की तासाच्या सुरुवातीला पुस्तके मिटून पाच मिनिटांत आठवेल ते लिहायला सांगावे. बहुतेक कागदांवर मीठ, दांडी, गांधीजी, १९३० एवढे येईल. मग पुस्तक उघडून, जे सुटले ते वेगळ्या शाईने लिहावे आणि जे चुकले ते दुरुस्त करावे. कागद गोळा करू नयेत, गुण देऊ नयेत. गुण आले की भीती येते, आणि शिक्षकांच्या कामात भर पडते ती वेगळीच. दुसऱ्या शाईचा मजकूर हाच विद्यार्थ्याचा पुढचा अभ्यासक्रम. आपल्याला काय येत नाही हे त्याला आता कळलेले असते, आणि ते फेरवाचनाने कधीच कळत नाही.

दुसरी पायरी 'का'ची. आठ-दहा दिवसांनी विचारावे, की असहकार चळवळ १९२२ मध्ये थांबली, मग कायदेभंग १९३० मध्येच का? पुस्तक न उघडता आठ वर्षांचा पूल बांधायचा आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये सायमन कमिशनची घोषणा झाली. सात सदस्यांत एकही भारतीय नव्हता. फेब्रुवारी १९२८ मध्ये ते मुंबईत उतरले तेव्हा निदर्शने झाली. त्याच वर्षी नेहरू अहवाल आला आणि डिसेंबरात कलकत्ता काँग्रेसने सरकारला एक वर्षाची मुदत दिली. ती संपल्यावर डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. त्याच सुमारास जागतिक मंदी सुरू झाली होती. २६ जानेवारी १९३० रोजी स्वातंत्र्यदिन पाळला गेला, १२ मार्चला साबरमतीहून यात्रा निघाली आणि ६ एप्रिलला मिठाचा कायदा मोडला. यातली प्रत्येक तारीख आता कशाला तरी बांधलेली आहे. एक आठवली की दुसरी ओढली जाते. यानंतर एक जोडप्रश्न टाकावा, की जमीनमहसूल सोडून मीठच का निवडले? मिठावर सरकारचा मक्ता आणि कर होता आणि मीठ गरीब-श्रीमंत, हिंदू-मुसलमान सगळ्यांच्याच जेवणात होते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मांडले की ते कारण त्यांचे होते.

तिसरी पायरी मिसळण्याची. साधारण महिन्याने १९२०, १९३० आणि १९४२ या तिन्ही चळवळी एकत्र घ्याव्यात. एकामागून एक धडा पक्का करण्याची आपली सवय असते. पण परीक्षेत प्रश्न धड्यांच्या क्रमाने येत नाहीत. असहकारात सहकार्य काढून घ्यायचे होते, कायदेभंगात कायदा उघडपणे मोडायचा होता. १९४२ मध्ये प्रमुख नेते ९ ऑगस्टलाच पकडले गेल्याने चळवळ ठिकठिकाणी भूमिगत झाली आणि साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. हे भेद आठवून मांडताना बार्टलेट यांचा साचा मोडतो आणि चौरीचौरा आपल्या जागी परत जाते.

चौथी पायरी पुराव्याची. "कायदेभंगाची चळवळ सर्वदूर पसरली" हे विधान फळ्यावर लिहावे आणि पुस्तक न पाहता त्याच्या बाजूने व विरुद्ध पुरावे मागावेत. सोलापूरचे उदाहरण येईल. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर तेथे उद्रेक झाला, लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिली गेली. आता वाइनबर्ग यांच्या इतिहासकारांचा प्रश्न विचारावा. सोलापूरच्या या दिवसांविषयी सरकारी पत्रक काय सांगेल, काँग्रेसचे पत्रक काय सांगेल आणि गिरणी कामगाराची आठवण काय सांगेल? तिन्ही सारखे सांगणार नाहीत. का नाही, हे लिहिता आले की "आपले मत नोंदवा" या प्रश्नाची भीती उरत नाही.

शेवटची पायरी घड्याळ लावून संपूर्ण उत्तर लिहिण्याची. ती परीक्षेच्या महिन्यात येते आणि तेव्हा ती सोपी जाते, कारण सामग्री आधीच चार वेळा मनातून बाहेर येऊन गेलेली असते.

वेळेचा हिशेब

एवढा वेळ आणायचा कोठून, हा प्रश्न रास्त आहे. पण पहिल्या तीन पायऱ्यांना तासातली पाच-दहा मिनिटे पुरतात. ती नवा मजकूर शिकवण्यातून जातात हे खरे. मात्र शिकवलेल्यातले बरेचसे महिन्याभरात विरून जाणार असेल, तर वेळ नेमका कोठे वाया जातो, याचा एबिंगहाउसच्या आकड्यांच्या आधारे प्रत्येकाने विचार करावा. अपेक्षित प्रश्नसंच आणि गाईड यांचाही दोष एवढाच, की तेथे दुसऱ्याने आठवलेले असते आणि विद्यार्थी केवळ वाचतो. त्यातले प्रश्न घेऊन उत्तरे झाकली, तर तीच पुस्तके उपयोगी पडू शकतील.

ज्यांच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली नाही, शिकवणीला पैसे नाहीत, त्या मुलांच्या दृष्टीने तर या पद्धतीचे मोल अधिक आहे. तिला एक कोरा कागद, दोन पेने आणि पाठ्यपुस्तक एवढेच लागते. जे मूल चार वेळा वाचूनही नापास होते ते स्वतःला मठ्ठ समजू लागते आणि पुष्कळदा इतिहासच नव्हे, शिक्षणच सोडून देते. त्याच्या बुद्धीत काही कमी नव्हते, त्याला पुस्तक कधी मिटायचे हे कोणी सांगितले नव्हते, एवढेच. ते सांगणे आपल्या हातात आहे. उद्याच्या तासाला, धडा उघडण्यापूर्वी, पाच मिनिटे पुस्तके मिटवून सुरुवात करता येईल.